वहिनी, डबे रद्द केले

वहिनी,

तुमच्याविषयी गावात जे बोलायचे ते बोलून झाले. दशक्रियेच्या दिवशी नदीवर श्रद्धांजलीची भाषणे झाली. तुम्ही शांत, सोशिक आणि मितभाषी होतात, असे तीन वक्त्यांनी सांगितले. त्या तिघांवर तुमच्याशी वाद घालण्याची वेळ कधी आली नसावी. मी साठ वर्षे घातला. तुम्ही शांत नव्हतात, सोशिक तर मुळीच नव्हतात, आणि मितभाषी या घरात एकच माणूस होता. तो अजून जिवंत आहे.

तुमचे माहेर, वय आणि मागे राहिलेल्यांची नावे तुमच्या मुलाने, दिलीपने, फलकावर छापून घेतली आहेत. ती मी पुन्हा लिहीत नाही. त्याने निवडलेले छायाचित्र मात्र चांगले आहे. त्यात तुम्ही कोणाला तरी काही सुनावण्याच्या बेतात दिसता.

आपल्यात एक प्रश्न अर्धा राहिला होता. त्याचा निकाल काल लागला. तो तुम्हांला कळवणे माझे काम आहे, कारण दुसऱ्या कोणाला त्या वादाची पुरती माहिती नाही.

प्रश्न साधा होता: पल्लवीच्या डोहाळजेवणाला जमणाऱ्या बायकांना खायला काय द्यायचे.

त्या रविवारी आपण ओट्यावर बसलो होतो. तुमचा नातू निखिल आणि त्याची बायको पल्लवी महाळुंग्याच्या फ्लॅटवरून आले होते. दोघेही हिंजवडीत नोकरीला. ती अमरावतीकडची, लग्नाला दोन वर्षे झाली तरी आपल्या ओट्यावर पाहुण्यासारखी कडेला बसणारी. तिला सातवा महिना लागणार होता, तारीख ठरली होती, आणि खाण्यावरून घरात तीन पक्ष पडले होते.

पहिला पक्ष निखिलचा.

"आज्जी, आमच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये करू. लाइव्ह काउंटर लावू. पास्ता, चाट, मॉकटेल. ज्याचं त्यानं घ्यायचं, कुणाला वाढायचं टेन्शन नाही."

"ज्याचं त्यानं घ्यायाला ते रेशनचं दुकान हाय व्हय?" तुम्ही म्हणालात. "बाया हितं येतील. तिला बघाया येतील, काउंटर बघाया न्हाई."

दुसरा पक्ष शारदेचा, म्हणजे तुमच्या सुनेचा. तिला पुरणपोळीची पंगत हवी होती. "शारदे, आदी तुझ्या गुडघ्याला इचार," एवढ्यावर तुम्ही तो मोडीत काढलात.

तिसरा पक्ष माझा. एक बंद डबा, त्यात बटाटेवडा, वेफर्स आणि पेढा. प्रत्येकीला सारखाच. सांडलवंड नाही, रुसवेफुगवे नाहीत, उरलेले झाकून ठेवणे नाही. मुख्याध्यापक असताना शाळेचे सगळे कार्यक्रम मी याच पद्धतीने पार पाडले आणि एकाही पालकाची तक्रार आली नाही. हे मी मांडले. तुम्ही पानाचा डबा बंद केलात.

"भावजी, ही काय पंदरा ऑगष्ट हाय? पोरीच्या पोटाला सलामी द्यायचीय का झेंड्यावानी?"

निखिल हसला. मी हसलो नाही. मुद्द्याचे उत्तर मुद्द्याने द्यावे, असे मी तुम्हांला तेव्हाही सांगितले होते.

मग तुम्ही पल्लवीकडे वळलात. ही गोष्ट आमच्या तिघांपैकी कोणालाही सुचली नव्हती.

"तुला काय पायजे गं?"

"काहीही चालेल, आजी."

"काईबी चालंल म्हंजे ह्यातलं काईच आवडलं न्हाई. नीट सांग."

तिने आधी नवऱ्याकडे पाहिले, मग सासूकडे, मग फरशीकडे. "पुडाची वडी," ती म्हणाली. "आमच्याकडे करतात. आत कोथिंबिरीचं सारण असतं. पण राहू द्या, इकडे कोणाला माहीत नाही. फार किचकट असते."

तुम्ही "कशी करत्यात?" एवढेच विचारलेत. मग ती सांगत गेली. बेसनाची पोळी किती पातळ लाटायची, तिला आतून चिंचगुळाचे पाणी कसे चोळायचे, खोबरे आणि खसखस कितपत भाजायची, आई कडा कशा दुमडते, पहिली वडी कढईतून निघाली की भाऊ कसा पळवतो. दोन वर्षांत ती आपल्या ओट्यावर इतके सलग बोलल्याचे मी ऐकले नव्हते. चौथा पक्ष असा उभा राहिला, आणि त्याच्या पुढारी तुम्ही झालात.

मुले गेल्यावर मी माझी हरकत नोंदवली. एका मुलीच्या जिभेसाठी गावच्या बायकांना अनोळखी पदार्थ वाढणे हा व्यवहार नव्हे. डोहाळजेवण हे समारंभाचे नाव आहे. त्याचा शब्दशः अर्थ घेऊ नये.

"मग काय घ्यावा? डोहाळं तिचं आन् जेवान गावाचं?"

तेव्हा तुम्ही ती गोष्ट सांगितलीत, जी या घरात कोणी ऐकली नव्हती. दादानेही नाही, असे तुमच्या बोलण्यावरून वाटले.

"माझ्या टायमाला सासूबाईंनी पाच गोडाचं केलं व्हतं. लई हौसेनं. मला गोड नाकाम्होरं धरवत न्हवतं. मला काय पायजे व्हतं, ठावं हाय? भाजलेला बोंबील. इस्तवावर भाजलेला, वर मीठमिरची."

"मंगल कार्यात बोंबील?"

"म्हून तर बोलले न्हाई. पन कुनी इचारलं बी न्हाई, भावजी. इचारलं आस्तं तर मीच नको म्हनले आस्ते. पन इचारलं आस्तं."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. तरीही डब्यांचा आग्रह मी सोडला नाही. पिरंगुटच्या मिठाईवाल्याला सांगून ठेवले होते, ते तसेच राहू दिले. उत्तर नसणे आणि हरणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, असे माझे मत आहे. तुमचे मत वेगळे होते.

खाण्याच्या बाबतीत तुम्ही माघार घेतल्याचे मला आठवतच नाही. माझी पहिली नेमणूक धरणापलीकडच्या शाळेत झाली, तेव्हा तुम्ही दर सोमवारी एसटीच्या कंडक्टरबरोबर भाकरी आणि लसणाची चटणी फडक्यात बांधून पाठवीत होतात. चटणी खारट होते, असा मी एकदा निरोप धाडला. पुढच्या सोमवारी ती आणखी खारट आली. त्याच्या पुढच्या सोमवारी त्याहून. मी निरोप धाडणे बंद केले, तेव्हा मीठ जाग्यावर आले. त्या दुर्गम गावी मी टिकलो तो त्या फडक्यामुळे. हे मी तुम्हांला कधी सांगितले नाही. तुम्हांला ते ठाऊक होते, असे मी धरून चाललो.

पुढच्या शुक्रवारी स्वयंपाकघरातून तळणाचा वास आला आणि पाठोपाठ तुमचा आवाज. मी डोकावलो. कढईत कोथिंबीर, खोबरे आणि पोळीचे तुकडे स्वतंत्रपणे पोहत होते. शारदेने हातात फोन धरला होता आणि त्यावर पल्लवीची आई दिसत होती.

"आजी, बेसन किती घेतलं जी तुम्ही?"

"घेतलं की. मूठभर."

"अन् बाकी?"

"तांदळाचं पीठ. घरचा आंबेमोहोर हाय."

"अवो आजी, तांदूळ काहून टाकला? त्याच्यात तांदूळ नाही चालत न. म्हणूनच तर फुटून राहिली ते."

"तांदूळ कुटंबी चालतो, ताई. तुमच्याकडं पिकत न्हाई म्हून तुमाला भरवसा न्हाई."

भाताच्या खाचरांवर जगलेल्या घरात दुसरे काय होणार होते? आपल्याकडे पिठाचा डबा म्हणजे तांदळाच्या पिठाचा डबा. बाकीची पिठे पुड्यांत राहतात. घावन, चकली, तळणीची बोरे, सगळ्याला तुम्ही त्याच डब्यात हात घातलात, आणि कधी काही फुटले नाही. ही पहिलीच वेळ. दुसऱ्या दिवशी पल्लवी आली, तिने ते तुकडे ताटलीत घेऊन चमच्याने खाल्ले आणि "अगदी आईसारखी झालीय" असे सांगितले. ती गेल्यावर तुम्ही मला म्हणालात, "पोरगी लबाड हाय. आता रुळंल घरात."

मी म्हणालो, "आचारी लावला तरी त्याला हे जमणार नाही. डबेच बरे."

तुम्ही म्हणालात, "बगू. गुरवारी ठरवू."

बुधवारी दुपारी तुम्ही जेवून आडव्या झालात, त्या उठलाच नाहीत. याहून अधिक लिहिणे मला जमत नाही, आणि तुम्हांला ते आवडलेही नसते.

तेरावा उरकल्यावर बापू आले. भावकीतले थोरले म्हणून त्यांना बोलण्याचा अधिकार आहे आणि ते तो कधी वाया जाऊ देत नाहीत.

"गुरुजी, डोहाळजेवान आता ऱ्हाऊ द्या. वरीस पाळाया पायजे."

"बाळ वर्षभर थांबणार आहे का?"

"तसं न्हाई. घरातल्या घरात पाच बायांनी वटी भरावी, च्या घ्यावा, मोकळं व्हावं. आन् खरं सांगू का, लोक बोलत्यात."

"काय बोलतात?"

बापूंनी वहाणेकडे पाहिले. "पायगुन. पोटातलं आलं आन् म्हातारी गेली, आसं."

"कोण बोलते?"

"आता नावं कशाला घ्यायची?"

"म्हणजे तुमच्याच घरात बोलतात."

बापूंनी घसा साफ केला. मी म्हणालो, "कार्यक्रम ठरल्या दिवशी होईल. ओट्यावर होईल, दार लावून आत होणार नाही. तुमच्या दोन्ही सुनांना हे आमंत्रण समजा."

"लोक काय म्हनतील, गुरुजी?"

"लोक खायला येतील."

"तुमी बी वहिनीवानी बोलाया लागला."

"कोणीतरी बोलले पाहिजे," मी म्हणालो. ओट्यावरची तुमची खुर्ची रिकामी होती. तुमच्या जागी मी बोललो, तिच्यावर बसलो नाही, एवढेच.

जे बापूंच्या कानी गेले ते पल्लवीच्याही कानी गेले होते. गावात अशी वाक्ये पोचवण्याचे काम लोक आनंदाने करतात. शनिवारी ती एकटीच आली. पायरीवरच बसली.

"आजोबा, कॅन्सल करूया. मला काहीच नकोय."

"कारण?"

तिने तुमच्या खुर्चीकडे पाहिले. मग म्हणाली, "आजी माझ्यासाठी तळायला बसल्या होत्या. त्या वयात, त्या धगीपुढे. मी त्या वडीचं नावच काढलं नसतं तर..."

बापूंच्या घरातले बोलणे हा मूर्खपणा होता. त्याचा बंदोबस्त होण्यासारखा होता. हे त्याहून वाईट होते. या मुलीने ते खरे मानले होते. तुम्ही तिला एक प्रश्न विचारलात, आणि त्या प्रश्नाचे उत्तर दिल्याबद्दल ती स्वतःला शिक्षा करून घेत होती. समारंभ टळला असता तर ती शिक्षा कायम झाली असती. तिला आणि मागाहून त्या बाळालाही. चुकीचे उत्तर फळ्यावर तसेच राहू देणे मला नोकरीत कधी जमले नाही.

मी म्हणालो, "नीट ऐक. त्या तळायला बसल्या, कारण त्यांना तळायचे होते. त्यांना कोणी बसवू शकत नव्हते आणि उठवूही शकत नव्हते. मी साठ वर्षे प्रयत्न करून पाहिला आहे."

तिने मान वर केली.

"त्यांच्या शेवटच्या आठवड्यात त्यांनी दोनच कामे मन लावून केली. तुझी वडी बिघडवली आणि माझ्याशी भांडण केले. दोन्हींत त्यांना आनंद होता. तो तू त्यांच्याकडून काढून घेऊ नकोस."

"पण लोक..."

"लोकांचे मी पाहतो. तू आईला बोलावून घे. बेसन किती लागेल ते विचार."

ती रडेल अशी मला भीती होती. रडणाऱ्यांपुढे काय करावे हे मला कळत नाही. ती रडली नाही. म्हणाली, "तांदळाचं पीठ लपवून ठेवायला सांगते."

मी लगेच पिरंगुटला फोन लावला.

"डबे रद्द? गुरुजी, मग बायांना देणार काय?" मिठाईवाल्याने विचारले.

"वडी."

"कुठली? आपल्याकडे आळूची हाय, कोथिंबिरीची हाय."

"ही तुमच्याकडे होत नाही," मी म्हणालो आणि फोन ठेवला. हे सांगताना मला काहीसे समाधान वाटले, हे नाकारत नाही.

पल्लवीची आई दोन दिवस आधी आली. बाई चांगली आहे. कामाला वाघ, बोलायला त्याहून. तिने पोळ्या लाटायच्या, शारदेने सारण भरायचे, अशी वाटणी झाली, आणि पहिल्याच घाण्यापासून दोघींची जुंपली. "अवो बाई, इतकं नाही भरायचं, पोट फुटते तिचं." "मंग भरायचं कशाला, वास द्यायाचा का नुसता?" ओट्यावर बसून मी हे ऐकत होतो. पुष्कळ दिवसांनी घरातून भांडणाचा आवाज येत होता. तो मी मध्ये पडून थांबवला नाही. गोडाचे म्हणून शारदेने सांजोऱ्या केल्या. त्या दरवेळी तुम्ही करीत होतात. ती शेजारी बसून लाटत असे. या वेळी रवा तिनेच भाजला, गूळ तिनेच घातला.

काल बायका आल्या. भरपूर आल्या. बापूंच्या दोन्ही सुना आल्या. बापू स्वतः आले नाहीत, ते ठीकच आहे. मागच्या खोल्यांत राहणाऱ्या भाडेकरूंच्या बायकाही आल्या, कारखान्याची पाळी संपवून, तशाच गणवेशात. ओट्यावर झोपाळा बांधला होता. पल्लवी हिरव्या साडीत, फुलांचे दागिने घालून बसली होती. ओटी भरली. औक्षण झाले. पुरुषांचे तिथे काम नसते, म्हणून मी अंगणात उभा होतो. मग ताटल्या फिरल्या: दोन वड्या, एक सांजोरी, वाटीत ताक.

आणि सगळे थांबले.

ताटल्या मांडीवर होत्या. कोणी खाण्याला हात लावीत नव्हते. बापूंची थोरली सून धाकटीकडे पाहत होती, धाकटी शारदेकडे, शारदा पदराकडे. पल्लवीच्या आईला काही उमगेना. ती प्रत्येकीला "घ्या न, घ्या न" म्हणत होती. तिच्याकडे ही रीत नसावी. दुःखानंतर घरात जे पहिले शुभकार्य होते, त्यात पहिले गोड घरातल्या मोठ्या माणसाने तोंडात घालायचे, मग पाहुण्यांनी. वडील गेले त्यानंतरच्या लग्नात ते तुम्ही घातलेत. दादा गेला त्यानंतरच्या बारशात, कपाळ मोकळे असताना, कोणाच्या चेहऱ्याकडे न पाहता, तेही तुम्हीच घातलेत. मला त्या रीतीचा विचार कधी करावा लागला नव्हता.

पल्लवी ताटलीकडे पाहत होती. तिला रीत माहीत नव्हती, पण त्या शांततेचा अर्थ तिने आपल्या परीने लावला होता. तो तिच्या चेहऱ्यावर दिसत होता. अजून थोडा वेळ गेला असता तर ती उठून आत गेली असती.

मी अंगणात उभा राहून वाट पाहत होतो, की मोठे माणूस अजून येत कसे नाही. वहिनी, खरोखर तेवढा वेळ मी तुमचीच वाट पाहत होतो. मग माझ्या ध्यानात आले की आता या घरात माझ्याहून मोठे कोणी नाही.

मी वहाणा काढल्या आणि ओट्यावर चढलो. बायकांनी पदर सावरले. झोपाळ्यापाशी गेलो आणि पल्लवीच्या ताटलीतली सांजोरी उचलली. दुसऱ्या कोणाच्या नव्हे, तिच्याच. उभ्याने खाल्ली. पुरी खाल्ली, मधे थांबलो नाही. सगळ्यांना दिसेल अशी खाल्ली.

कोपऱ्यातून एक म्हातारी बोलली, "गुरुजी, गरवार बाईच्या वाटचं खाल्लं की तुमी. आता दोन द्या तिला."

त्यावर कोणीतरी हसले, मग बऱ्याच जणी हसल्या. ताटल्या वाजल्या. बापूंच्या थोरल्या सुनेने वडी मोडली आणि पल्लवीच्या आईला विचारले, "ह्यात काय काय घातलंय, ताई?" पल्लवीने दोन्ही वड्या संपवल्या, मग तिसरी मागून घेतली. मी वहाणा घालून अंगणात परत आलो.

सांजोरीत गूळ अंमळ कमी पडला होता. तुम्ही असता, तर मी ते तिथेच बोललो असतो.